आठ पाकिटं आणि कडक भाकरी

काव्या,

झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. आडतीवर सौदे आहेत, मी परत येईपर्यंत तुझी गाडी सुटलेली असेल.

रागावू नकोस, तुझी डोंगरावर न्यायची सुक्या जेवणाची आठही पाकिटं मी फोडली. "अप्पा, यातली चांगली सहा निवडा की," म्हणालीस. तीस वर्षं पोतं फोडून बघितल्याशिवाय मी माल घेतलेला नाही. फोडल्यावर मागं वाचलं, हवा लागली की ती घट्ट डब्याशिवाय टिकत नाहीत म्हणे. गरम पाणी घालून दोन चाखली. राजमा लई बरा आहे.

तू येणार म्हणून थापून वाळवलेल्या कडक भाकरी तशाच राहिल्या होत्या. त्या आणि शेंगाचटणी तुझ्या पिशवीत भरलीय. तुझी आई करायची तशा गोल नाहीत, पण सहा दिवस पुरतील. वजन थोडं वाढलंय, तेवढं सोस.

तिथं फोन लागत नाही म्हणालीस. उरलेली सहा पाकिटं मी डब्यात घट्ट बंद केलीत. रोज सातला तू जेवायला बसशील, तेव्हा मीही एकात गरम पाणी ओतीन. सहा दिवस तू घरचं जेव, मी तुझ्या डोंगरावरचं जेवतो.

अप्पा