सासूबाई विमानातून उतरत नाहीत

ती. दादासाहेबांस,

नमस्कार. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. तुमची पाठ, वहिनींचा खोकला आणि मुलांच्या परीक्षा ही तिन्ही दुखणी आटोक्यात असावीत. पुढच्या महिन्यात आईंना कायमचे तुमच्याकडे न्यायला येत असल्याचे तुमचे पत्र मिळाले. लेक गेल्यावर आईने जावयाकडे किती दिवस राहायचे, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. त्यावर मी विचार करतो आहे. तोवर, परवा जुन्या लढाऊ विमानांच्या प्रदर्शनात जे झाले ते तुम्हाला परक्याकडून कळू नये म्हणून मीच लिहितो.

जायचे कारण एवढेच की, हिने गेल्या वर्षी फाटकातून बाहेर पडतानाच या वर्षीची दोन तिकिटे काढून ठेवली होती. (तुमच्या बहिणीचे विमानांचे वेड तुम्हाला सांगायला नको. लहानपणी तुमची छत्री घेऊन माळ्यावरून उडी तिनेच मारली होती.) आई म्हणाल्या, "चला, तुमचं मन रमेल." मला वाटले, लेकीच्या आठवणीसाठी त्यांनाच जायचे आहे. खरे सांगायचे तर मी इतकी वर्षे जात होतो तो थर्मास धरायला. तेही मला मनापासून आवडे, पण ते विमानांमुळे नव्हे.

ऊन होते म्हणून मी हिची बिल्ले लावलेली टोपी घातली होती. ती पाहून पुढच्या रांगेतल्या कुटुंबाने मला जाणकार ठरवले आणि प्रत्येक विमानाला सगळे मागे वळून माझ्या तोंडाकडे पाहू लागले. हिचे एक वाक्य मला पाठ होते, "आवाज ऐका, इंजिन मूळचं आहे." ते मी सगळ्या विमानांना लावले. (एका हेलिकॉप्टरलाही लावले.) शेवटी रुग्णवाहिका गेली तेव्हा त्यांच्यातल्या आजोबांनीच ते म्हणून टाकले. इकडे आवाजाने आईंचे कानातले यंत्र शिट्ट्या मारू लागले, तेव्हा त्यांनी ते काढून रुमालात बांधले. त्यानंतर त्या जे काही बोलल्या ते धावपट्टीच्या पलीकडे पोचत होते.

मधल्या सुट्टीत एका पिवळ्या, दुहेरी पंखांच्या शिकाऊ विमानात लोकांना बसू देत होते. आई रांगेला लागल्या, शिडी चढल्या, बसल्या आणि गुडघा अडकला. विमानाचे मालक एरवी दातांचे डॉक्टर. विमानाची माहिती सांगायची म्हणून त्यांच्या कॉलरला माईक लावलेला होता. त्यांनी आईंच्या कानाशी ओरडून सांगितले, "आजी, उतरा, आता मला उडायचंय." आई म्हणाल्या, "मग उडव की! मी कुठे धरून ठेवलंय?" हे साऱ्या मैदानाने कर्ण्यावरून ऐकले.

दाताच्या डॉक्टरांना धीर देण्याची सवय असते. त्यांनी पुन्हा कानाशी ओरडून विचारले, सोबत कोण आहे? झाले. आई सुरू झाल्या. "जावई आहेत. लेक गेली माझी. ह्यांना विमानं आवडतात म्हणून आले रे, मला काय कळतंय यातलं! आता मुलगा मला न्यायला येणार आहे. चांगला आहे हो तो, पण त्याच्याकडे सगळे सारखं विचारतात, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का. हे काही विचारत नाहीत. सकाळी समोर बसून पेपरातलं कोडं सोडवतात. तेवढ्यानं दिवस जातो माझा. पण राहते कसं म्हणू? जावई माणूस. कंटाळलाही असेल बिचारा."

पुढची रांग मागे वळली. या प्रसंगाला माझ्याकडे वाक्य नव्हते.

मी मैदान ओलांडून गेलो. अग्निशामक दलाच्या दोघांनी आईंना अलगद उचलले आणि मी खाली त्यांच्या चपला धरून उभा राहिलो. मैदानभर टाळ्या पडल्या. आईंना वाटले, विमान सुरू झाले. घरी येताना त्या म्हणाल्या, छान झालं, तुमचा दिवस मजेत गेला. मी हो म्हटले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. माईक चालू होता हे आईंना ठाऊक नाही. "राहा" असे मीच म्हणायला हवे, हे मला कळते. पण रोज सकाळी कोड्यावरून मान वर करतो आणि चहा घेणार का, एवढेच विचारतो. तेव्हा खरी विनंती अशी की, तुमच्याकडे रंगकाम निघाले आहे, इतक्यात येऊ नकोस, असे तुम्हीच त्यांना कळवावे. रंग सावकाश वाळणारा असावा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईंनी विचारले, दादाला एवढं काय लिहिताय? मी म्हटले, राहा. ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा वरच्या मजल्यावरचे जिन्यात आले. रंगकाम रद्द समजावे. तुम्ही मात्र सगळे राहायला या. आई म्हणाल्या, "ओरडताय कशाला? पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला."