नवव्या बदामाचं गुपित

प्रिय शिवम,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्र दुसरं कसं सुरू करतात ते मला येत नाही. मी करिश्मा, वलगावच्या देवीदास फुलवाल्याची. हल्ली अकोल्यात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. चार वर्षांत तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते.

जुलैत मधल्या सुट्टीत नववीतली चंदा मैत्रिणीचा हात धरून लाडात म्हणाली, "जाशीन तं सांगून जाजो!" पोरी खिदळल्या. माझा घास हातातच राहिला. तू पुण्याला नोकरीवर निघालास तेव्हा अमरावतीच्या स्टँडवर मी तुला हेच म्हटलं होतं. पुढे तू फोन उचलणं बंद केलंस. सांगितलं काहीच नाहीस.

चंदाला विचारलं, "कुठं ऐकलं गं हे?"

"मॅडम, आईच्या मोबाइलवर रानजोडी खेळतो ना आमी. सात बदाम भरले का हरणी असं म्हनते."

मीही तो गेम घेतला आणि वीस दिवस खेळले. रोज गेममधल्या हरणीला बोरं द्यायची, पाणवठ्यावर न्यायचं, की तिच्या प्रेमाचा एक एक बदाम लाल होतो. तीन दिवस फिरकलं नाही की ती रडते, बदाम उतरतात. मग एक जाहिरात बघायची, की बाई डोळे पुसून पुन्हा हसते. गेमच्या शेवटच्या पानावर लेखक म्हणून तुझं नाव होतं. शेवटच्या पानावर लेखक म्हणून तुझं नाव होतं.

नववा बदाम भरला की ती गुपित सांगते. आई मेल्यावर दोन वर्षं ती आईची शाल उशाशी घेऊन झोपायची, वास जाईल म्हणून कोणाला धुऊ द्यायची नाही. शाल नव्हती रे, माझ्या आईचं लुगडं होतं. माझ्या बाबांनाही ते ठाऊक नाही. जगात एकट्या तुला मी ते लिहिलं होतं, आणि तू ते ओंजळभर बोरांच्या बदल्यात पोरासोरांना वाटलंस. खाली हसऱ्या सशाचं चित्र आणि 'शाब्बास!'

मी रडले नाही. तुला पाठवलेले सगळे मेसेज अजून माझ्याकडे होते. तारखांसकट तुझ्या कंपनीकडे धाडले. तिकडून एका बाईंचा फोन आला. माझी लेखी परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर हरणी जाईल आणि तुझी नोकरीही.

रविवारी तुझी आई दर्यापूरहून तो परवानगीचा कागद घेऊन आली. याच पार्वताबाईंनी माझ्या बाबांना दारातच सांगितलं होतं, "फुलं देवाले चालतात, फुलवाल्याची पोरगी आमच्या घरात नाई चालत." आता म्हणाल्या, "पोरी, सही करून दे वं. नोकरी गेली तं त्याची सोयरीक मोडीन."

मी चहा दिला. मग फोन उघडून हरणीचं गुपित त्यांना वाचून दाखवलं, आणि ते लुगडं कोणाचं तेही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "हे त्यानं लोकायले सांगतलं?" एवढंच विचारलं. जाताना माझ्याकडे पाहवलं नाही त्यांना. कागद टेबलावरच राहिला. मला त्यांची दया आली नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

काल तुझा मेसेज आला. 'प्लीज, फक्त एक सही.' चार वर्षांनी चार शब्द. तुझ्याजवळची माझी वाक्यं संपली असावीत. तुझ्या आईनं आणलेला कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे, सहीची जागा कोरीच आहे. कंपनीला नकार सकाळीच कळवला. तुझ्या होणाऱ्या सासरचे विचारायला आले, तर त्यांनाही खरं तेच सांगेन. तुला माझी सही हवी होती ना? ही घे.

तुझी कोणीच नसलेली,
करिश्मा देवीदास