चार हजार तीनशे एक मैल

यावल,
रविवार, २० नोव्हेंबर १९८८

आदरणीय झिपरूनाना आणि प्रमिलाकाकू यांना अभिमनचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. नाना, तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत? काकूंनी सांगितलेलं तेल लावता, की बाटली अजून देवळीतच आहे? (काकूंनी मागच्या पत्रात तुमची तक्रार केली होती. त्यांनी ती मला केली हे तुम्हाला सांगू नको असंही लिहिलं होतं. पण आता लिहून झालं.) मंदाची तब्येत उत्तम आहे, आवाजही उत्तम आहे. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, म्हणजे गणिताचे तपासायचे एकशे चाळीस पेपर कपाटावर आहेत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून हे पत्र लिहितो आहे.

पत्रास कारण की, तुम्ही धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. गाडी गेटातून आत येताना तिच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते तुम्ही जेवताजेवता सांगायचात. आपल्या घराण्यात यंत्राचं कळणारं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. विलायतेत तयार झालेली, एकोणसत्तर सालची, दोनच सीटांची, कापडी टपाची, बाटलीसारखी हिरवी, जमिनीपासून वीतभर उंच अशी एक शर्यतीच्या जातीची मोटार. मीटरवर चार हजार तीनशे एक मैल. किंमत बावीस हजार. रास्त की नाही? एवढंच विचारायचं होतं. पण एवढ्यावर तुम्ही पोस्टकार्डावर ‘नाही’ लिहून मोकळे व्हाल, म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे.

ही मोटार तुम्ही पाहिलेली नाही, पण बाबांच्या तोंडून ऐकली असेल. सावद्याच्या धनसिंगआप्पांची. बाबा त्यांच्या मळ्यात केळी कापायला जायचे. आप्पांनी ती मुंबईला कोणा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून जवळजवळ कोरी घेतली आणि केळी उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रकवर चढवून गावी आणली. त्याच पावसाळ्यात ती मळ्याच्या वाटेवर चिखलात बसली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि बाबांची भाकर घेऊन गेलो होतो. आम्ही बारा माणसं ढकलायला लागलो. आप्पा आत बसूनच म्हणाले, “हात पुसून लावा रे.” आम्ही हात पुसले. (कशाला पुसले? अंगावरचे कपडेच चिखलाचे होते. हात पुसल्यावर ते अधिकच भरले.) गाडी निघाली, आमच्या तोंडावर चिखल उडवून गेली. बाबा हसले आणि म्हणाले, “काय आवाज हाये रे!” मला मात्र राग आला होता. पण खरं सांगतो नाना, आवाज मलाही आवडला होता, आणि त्याचा मला जास्त राग आला होता.

आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी तर त्याच्याही आधी, ते आजारी पडल्यापासून, शेडमध्ये उभी. आता मुलाला ट्रॅक्टरसाठी शेड हवी, म्हणून केसरअक्कांनी (त्यांच्या मंडळी) ती विकायला काढली आणि हे मला आमच्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. मी दुसऱ्या दिवशी सायकलवर सावद्याला. आता माझी अडचण समजून घ्या. मला ती गाडी स्वस्तात नको. उद्या कोणी म्हणायला नको, की अभिमन मास्तरने म्हातारीला गंडवलं. आणि महागातही नको. कोणी म्हणायला नको, की बाप ढकलत होता ती गाडी मिळाली म्हणून पोरगा डोळे मिटून पैसे ओतून आला. मला ती बरोबर किमतीत हवी, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. गणिताच्या माणसाला हे सोपं वाटायला हवं होतं.

प्रथम मी यावलच्या पंडित मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याचा हात ट्रॅक्टर आणि जीपवर बसलेला. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, “सर, गाडी गेली कुठे? ही तर नुसती बोनेट आहे.” मी त्याला अभिमानाने सांगितलं, की हिचं मायलेज फार कमी आहे. तो माझ्याकडे दयेने पाहून म्हणाला, “मायलेज कमी? मग घेता कशाला?” मी म्हटलं, अरे, लिटरला किती देते ते नाही, एकूण किती चालली ते. त्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, वीस वर्षांत चार हजार मैल चाललेली गाडी म्हणजे वीस वर्षं खाटेवर पडलेला पैलवान. त्याने किंमत केली दहा हजार. त्यात आठ गाडीचे आणि दोन त्याच्या कष्टाचे. भुसावळच्या एका भंगारवाल्याने वजनाचा अंदाज घेऊन साडेतीन हजार सांगितले, वर हॉर्न तुम्हीच ठेवा म्हणाला. साडेतीन, दहा, बावीस. सरासरी काढली तर अकरा हजार आठशे तेहतीस येते. पण सरासरीने गाडी मिळत नाही हे मी वर्गात कधी शिकवलेलं नाही.

तेव्हा सगळं मीटरवर आलं. मीटर खरं असेल तर यंत्र नवंच, बावीस हजार रास्त. मीटर फिरवलेलं असेल तर दहाही जास्त. मी अक्कांना सहज विचारलं, आप्पा गाडी किती वापरायचे? त्या म्हणाल्या, “दर गुरवारी जयगावले जायेत. केयीवाल्यांची बैठक राहे. सत्तर सालापासून अकरा वर्सं, एक गुरवार चुकला नाही.” मी घरी येऊन पाटी घेतली. अकरा वर्षांचे गुरुवार पाचशे बाहत्तर. सावदा ते जळगाव जाऊनयेऊन साधारण बासष्ट मैल. म्हणजे मीटरवर पस्तीस हजार पाहिजेत. आहेत चार हजार तीनशे एक! मला घाम फुटला. मीटर खोटं. मी पाटी पुसली. मग खोडी म्हणून उलटं गणित केलं. वरचे अकरा मैल वरातींचे धरून सोडले आणि उरलेल्यांना पाचशे बाहत्तरने भागलं. नाना, बाकी शून्य! दर गुरुवारी बरोबर साडेसात मैल. जायचे पावणेचार, यायचे पावणेचार. पावणेचार मैल म्हणजे सहा किलोमीटर, आणि सावद्याहून सहा किलोमीटरवर काय आहे? फैजपूर.

आता मीटर खोटं नव्हतं. आप्पा खोटे होते. अकरा वर्षं दर गुरुवारी बायकोला जळगाव सांगून हा माणूस फैजपूरला जात होता, आणि जात होता कुणाकडे, हे एका विधवा बाईला विचारायची माझ्यात हिंमत नव्हती. पाहा पेच. मीटर खोटं आहे म्हटलं तर गाडी मला दहा हजारांत पडते आणि आप्पांची अब्रू राहते. मीटर खरं आहे म्हटलं तर बावीस मोजायचे आणि वर त्या बाईच्या संसाराला चूड लावायची. चिखल उडवणाऱ्या माणसाची अब्रू मी का सांभाळावी, असंही मनात आलं. तीन दिवस मी भाजीत मीठ आहे की नाही हे न कळता जेवलो. मंदा म्हणाली, “तुमनं डोकं ठिकाणावर शे का?” मी म्हटलं, पेपर तपासतोय.

गुरुवारी पंडितने नवी बॅटरी बसवून, टाकीतला गंज धुऊन गाडी चालू केली. (तोच आवाज!) जीप चालवायला मी एन.सी.सी.च्या कॅम्पात शिकलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. मी बसतो न बसतो तोच केसरअक्का डोक्यावरचा पदर कानामागे खोचून बाजूच्या सीटवर येऊन बसल्या. बसल्या म्हणजे उतरल्याच, ती सीट विहिरीसारखी खोल आहे. म्हणाल्या, “यायनी मले कधी बसू दिलं नाही. चला.” कुठे, विचारलं तर म्हणाल्या, “रस्ता एकच हाये.” रस्ता फैजपूरचा होता. मी मनातल्या मनात धम्माची आठवण केली आणि निघालो.

फैजपूरच्या अलीकडे एक लाकडाची वखार आहे. अक्का म्हणाल्या, थांबवा. मी थांबवली. वखारीतून देवचंद नावाचे एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, गाडी पाहिली, आणि सवयीने जाऊन शेडचं फाटक उघडून उभे राहिले! मग त्यांचं लक्ष अक्कांकडे गेलं आणि फाटक हातातच राहिलं. अक्का म्हणाल्या, “लावून घ्या देवचंदभाऊ. आज पुढे जायाचं हाये.” मी इंजिन बंद केलं. (बंद पडलं म्हटलं तरी चालेल.) आणि नाना, न राहवून मी सगळं सांगून टाकलं. मीटर, गुरुवार, पाचशे बाहत्तर, साडेसात मैल. खाली मान घालून सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“मास्तर, मीटरले काय इचारता, मले इचारा ना! त्यायच्या सदऱ्याच्या खिशात दर गुरवारी एष्टीची तिकिटं सापडेत. फैजपूर ते जयगाव एक, जयगाव ते फैजपूर एक. सून धुनं काढायच्या आधी मी फाडून टाके.”

देवचंदभाऊंनी बाकीचं सांगितलं. पहिल्याच गुरुवारी आप्पा तापीच्या पुलापर्यंत गेले होते. (मी वरातींवर टाकलेल्या अकरा मैलांचा हिशेब इथे लागला.) तिथे बाजूने ट्रक आला. गाडी इतकी बुटकी, की ट्रकचं चाक आप्पांच्या डोक्याच्या वर. परत फिरून वखारीत आले, गाडी शेडमध्ये लावली आणि नऊची जळगाव एसटी पकडली. पुढची अकरा वर्षं तसंच. देवचंदभाऊंना शपथ घातली होती. बायकोला त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आपल्याला माहीत आहे हे बायकोनेही कधी सांगितलं नाही. “सांगून काय करू?” अक्का म्हणाल्या. “गुरवारी सकायी टोपी घालून असे ऐटीत निघेत. ते पाहू का तिकिटं दाखवू?”

मग आम्ही पुढे गेलो. तापीचा पूल आला आणि मागून केळीचा ट्रकही आला. नाना, आप्पांना हसू नका. ते चाक मी पाहिलं आहे. त्याचे नट माझ्या कानाशी फिरत होते. मी डोळे मिटले असावेत, कारण अक्का ओरडल्या, “डोये उघडे ठेवा, मास्तर!” पलीकडे गेल्यावर एका टपरीशी थांबलो. अक्कांनी दोन कप चहा घेतला, पुलाकडे मान वळवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “हाच का तो पूल? एवढ्याले भेत व्हते?” मला वाटतं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाऱ्याने माझ्याही डोळ्यांत होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. परत येताना कापडी टपाचा अर्धा तुकडा आमोद्याच्या एका शेतात उडून गेला तो गेलाच.

सावद्याला उतरल्यावर मी किमतीची गोष्ट काढली. अक्का म्हणाल्या, मीटर खरं आहे हे आता तुम्हीच सिद्ध केलं, तर मग बावीस मी कमीच सांगितले, चोवीस द्या. नाना, स्वतःच्या हाताने सोडवलेल्या उदाहरणाने माझे दोन हजार वाढवले! शेवटी, फैजपूरची गोष्ट सावद्यात कोणाला सांगणार नाही या वचनावर त्या पुन्हा बावीसवर आल्या. (तुम्ही धुळ्याला राहता, म्हणून तुम्हाला सांगितलं.) निघताना म्हणाल्या, “तुमच्या बापानं ही गाडी ढकलेल हाये. मले आठोतं.” मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, “हात पुसाले सांगितलं व्हतं. ते चुकीचं व्हतं.” एवढंच. पण बावीस हजारांत हे धरायचं की वेगळं, ते मला ठरवता येईना.

तर आता सर्व बाजू तुमच्यासमोर आहेत. टप अर्धा, टायर जुने, सुटे भाग मिळतील तर विलायतेत, पाऊस आला तर छत्री, आणि मंदा. दुसऱ्या बाजूला चार हजार तीनशे एक खरे मैल. तुम्ही शांतपणे विचार करून, मन घट्ट करून, किंमत रास्त आहे की नाही ते कळवा. तुमचा शब्द माझ्यासाठी शेवटचा.

काकूंना जयभीम. तेल लावा.

तुमचा पुतण्या,
अभिमन

ता. क. – पैसे मी शुक्रवारीच दिले. तेव्हा किंमत जास्त वाटत असेल तर कृपा करून कळवू नका. रास्त वाटत असेल तर मात्र मोठ्या अक्षरांत लिहा, ‘असा सौदा एकतीस वर्षांत पाहिला नाही’ हे वाक्य घाला, आणि पाकिटावर नाव सौ. मंदाबाईचं टाका.

ता. क. दुसरा – गाडीला रिव्हर्स पडत नाही असं काल संध्याकाळी आढळलं. सध्या ती आमच्या गल्लीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. मंदाला ती शाळेची आहे असं सांगितलं आहे. येत्या रविवारी पहिल्या गाडीने याल का? पान्हे घेऊन या.

नानासले जयभीम. हाई पत्र पेटीमा टाकाले त्यासनी मालेच दिधं, म्हनीसन मी बठ्ठं, ता. क. सकट, वाचं. किंमत बराबर शे का नही ते माले माहीत नही, तुम्ही बी सांगू नका. पन गाडीले सीटा दोनच शेतस, आनि तिसमा मी अजून बसेल नही. रविवारे नक्की या, रिव्हर्स नीट करा. मंगळवारे माले पिंपळनेरले माहेर जानं शे, आनि मी एसटीमा जावाव नही. – मंदा