शेवटच्या रांगेतला सूर्य

गुरुजी, आज मी आकाशगंगेचा धडा शिकवून घरी आले आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसून राहिले. पिपरी मेघेत घर आहे माझं, शाळा काही फार लांब नाही, पण हल्ली तेवढी वाटही अंगावर येते. वर्षानुवर्षं तेच धडे, मतदार याद्यांचं काम, मोबाइलवर भरायची माहिती, आणि या सगळ्यातून उरलेला जीव फळ्यापुढे उभा करायचा. थकले आहे मी. तुम्ही मला शिकवत होता तेव्हाच्या तुमच्या वयाहून मी आता कितीतरी मोठी आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या गावात तुमची आठवण असणारं माणूस शोधावं लागेल. तरी हा धडा आला की तुम्ही येताच. बाकीच्या धड्यांना मी एकटी पुरते.

तुम्हाला चार भिंतींत शिकवायचा मनापासून कंटाळा. त्या दिवशी तुम्ही सातवीचा अख्खा वर्ग बाजारात घेऊन गेलात. आष्टीकडचं आपलं लहानसं गाव, पण बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तिथे लोटायची. आकाशगंगा दाखवतो म्हणालात, तेव्हा आम्हाला हसू आलं होतं, दिवसाढवळ्या कसली आकाशगंगा. तुम्ही आम्हाला धान्यवाल्यांच्या पालांमध्ये उभं केलंत आणि विचारलंत, आता आपण बाजारात नेमके कुठे आहोत? मी चहूकडे पाहते. जिकडे तिकडे माणसांची डोकी, त्यामागे पालांची फडकी, त्यापलीकडे काही दिसत नाही. सगळ्या बाजूंना सारखंच. मी सगळ्यांच्या आधी बोलले, "मधात, गुरुजी." तुम्ही खूश झालात, कारण तुम्हाला हीच चूक हवी होती. मोठमोठे विद्वान असेच फसले होते, असं तुम्ही सांगितलंत. आकाशगंगेत धूळ असते, ती या पालांसारखी आड येते, कुठेही पाहिलं तरी थोडंच दिसतं, आणि माणसाला वाटतं मीच मधोमध. मग तुम्ही आम्हाला वर पाहायला लावलंत. वर मोकळं आभाळ. समोर पाहिलं तर गर्दी, वर पाहिलं तर काही नाही, म्हणजे आकाशगंगा भाकरीसारखी चपटी, मध्ये तेवढी फुगलेली, आणि आपण तिच्या आत असल्यामुळे आपल्याला तिचा नुसता पट्टा दिसतो. इतकं सोपं करून मला पुढे कोणी सांगितलं नाही. कॉलेजातसुद्धा नाही.

तिथेच थांबला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही आम्हाला एका रिकाम्या बैलबंडीवर चढवलंत. वरून सगळा बाजार दिसला, मध्ये कापडवाले आणि किराणावाले, बाहेर बाहेर विरळ होत गेलेल्या रांगा. तुम्ही हात लांब करून आनंदाने म्हणालात, "ते पाहा, नालीच्या काठी, शेवटच्या रांगेत ती बाई टोपली घेऊन बसली आहे ना? तिथं आपला सूर्य." ती माझी माय होती. पुढे मिरच्या आणि कोथिंबीर, आपला सांभार, मांडून बसलेली. आमच्या वस्तीतल्या बायांनी तिथेच बसायचं, हे कोणी कधी ठरवलं ते माहीत नाही, पण न सांगता सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही आष्टीहून नवे आलेले, तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी आजही धरून चालते. पोरं हसली. एकाने माझं नाव घेतलं. तुमचा चेहरा उतरला, आणि ते सावरायला म्हणून तुम्ही सगळा वर्ग तिच्यापुढे नेलात आणि सूर्याची जागा कशी मानाची असते ते तिला समजावू लागलात. माय मिरच्या निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आमी कडेले बसतो हे मले मालूम हाय, गुरुजी," ती म्हणाली, "पोरीले बाजारात आणून सांगाचं काऊन?"

घरी आल्यावर तिने सांगितलं, उद्यापासून शाळा बंद, माझ्यासोबत टोपली घेऊन चलायचं. ती चिडून बोलली नाही, म्हणून मी घाबरले. माय रागावली की राग उतरायचा. हे तसं नव्हतं. पुढच्या बाजारापर्यंत मी घरी होते, आणि बाजाराला तिच्या शेजारी बसले. तेव्हा तुम्ही आलात. ग्राहकासारखे उभे राहिला नाहीत, सरळ मायच्या पोत्यावर खाली बसलात, आणि तुमच्याच जातीतले शेतकरी येता-जाता पाहत राहिले. तुम्ही बोललात ते मात्र ताऱ्यांबद्दलच. आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्यात बहुतेक म्हातारे, लालसर तारे, तिथला वायू बराचसा संपलेला. नवे तारे बाहेरच्या फाट्यांमध्ये जन्मतात, जिथे अजून वायू आणि धूळ आहे, तो ढग थंड होतो, आपल्याच भाराने आत आत गोळा होतो, आणि मग पेटतो. मला ते ऐकताना काटा आला होता. मायला नाही आला. तिने तुम्हाला पूर्ण बोलू दिलं.

"तारे कुठंबी जन्मू द्या," ती म्हणाली. "मले एवढं सांगा, माही पोरगी तुमच्या वर्गात मान खाली घालून बसन का वर करून?"

 तुम्ही म्हणालात, "ते तिच्यावर नाई, माह्यावर हाय. पाठवा तिले."

तिने पाठवलं. जाताना तुमच्या पिशवीत सांभाराची जुडीही टाकली. तुम्ही वर्गात शब्द पाळलात. वर्गाबाहेर तुमचा इलाज नव्हता, तिथे मी दहावीपर्यंत 'शेवटची रांग' होते. आज जी काही आहे ती तुमच्यामुळे, हे मान्य करायला मला कधी जड गेलं नाही. पण तुमचा भोळेपणा मला परवडण्यासारखा नव्हता, गुरुजी, हेही तितकंच खरं. कॉलेजात मी वाचलं की सूर्य अगदी कडेला नाहीच, मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्या वाटेवर आहे. तुम्ही बोलण्याच्या भरात त्याला शेवटच्या रांगेत ढकललंत. त्या दिवशी वाचनालयात मला रडू आलं, आणि तुम्हाला पत्र लिहावं असं पहिल्यांदा वाटलं. तोवर तुम्ही गेला होता. आता लिहिते आहे, ते कुठे टाकणार? मायही नाही की तिला वाचून दाखवावं.

एक मात्र सांगते, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मुलांना मी बाजारात नेत नाही, फळ्यावर आकाशगंगा काढते आणि सूर्यासाठी एक ठिपका देते. आज एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पुस्तकात सूर्य जास्त बाहेर आहे." बरोबर होतं तिचं. मी तिला शाबासकी दिली, ठिपका पुसला, पुस्तक हातात धरून नीट पाहिलं आणि पुन्हा काढला. तो पुन्हा आतच पडला.