बोलायला आलेला माणूस

सोमवार, ३ मार्च

दिवसभर व्हिडिओवर मुलाखती. एकच प्रश्न — तुमची अपेक्षा किती?

एक मुलगा नुसता हसत राहिला. एका मुलीने आकडा सांगितला आणि लगेच सॉरी म्हणाली. मिरजेच्या एकाने सध्याचा पगार फुगवून सांगितला. पगाराची स्लिप त्याने स्वतःच सकाळी पाठवली होती! माणूस आपली किंमत सांगताना कुठे बघतो, हे मी हल्ली बघते. बहुतेक जण खाली. कॅमेऱ्यात कुणीच नाही.

माझ्या वरिष्ठ पूजा मॅडमचा नियम: जो आधी आकडा बोलतो तो हरतो. पुण्याहून व्हिडिओवर अधूनमधून आठवण करून देतात. आपण गप्प बसायचं. शांतता माणसाला सहन होत नाही, तो बोलतो.

एम.ए.ला मी कवितेतल्या शांततेवर निबंध लिहिला होता. तिचा हा उपयोग कुणी सांगितला नव्हता.

मंगळवार, ४ मार्च

वीरधवल. कडेगावचा. साताऱ्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडच्या परीक्षा झाल्या, तांत्रिक मुलाखत झाली. घेणारे म्हणाले, हा सोडू नका. काल अमेरिकेतल्या क्लायंटनेही त्याच्याशी बोलून होकार दिला. चोवीस तारखेला माणूस हवा. राहिला फक्त पगार. म्हणजे मी.

फोन केला. विचारलं.

"त्ये काका बोलतील."

"कोण?"

"काका. आपलं आपल्या तोंडानं कसं बोलायचं, मॅडम?"

हसू आलं. फोन ठेवल्यावर हसू गेलं. खरंच — कसं बोलायचं?

बुधवार, ५ मार्च

पूजा मॅडमना सांगितलं. "काका? हे लग्न आहे का?" मग थोड्या वेळाने, "क्लायंटला तोच हवाय. भेटून घे. सहामध्ये बसव."

या जागेला वर्षाला साडेआठ लाखांपर्यंत देता येतात. हे मला माहीत आहे, त्याला नाही. माझ्या कामाचा सगळा जीव या एका फरकात आहे.

आणि माझाही. मी अजून एजन्सीमार्फत आहे, सहा महिन्यांनी करार नवा. मार्चअखेर सगळ्या जागा भरल्या आणि बजेटमध्ये भरल्या, तर एप्रिलपासून मला कंपनीत कायम करतील, असं मॅडम म्हणाल्यात. ही शेवटची जागा.

शुक्रवार, ७ मार्च

आले!

आकाराम काका. फौजेतून निवृत्त. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. काळे बूट, आरशासारखे. वीरधवल त्यांच्या मागे. खुर्चीत बसला तो नवरदेवासारखा — मान खाली, शब्द नाही.

मी चहा मागवला. काकांनी कप बाजूला सरकवला.

"ठरल्याबिगर आमी चा घेत न्हाई, ताई. चा पोटात गेला की माणूस मिंधा हुतो."

मग विचारायला लागले. विचारायचं काम माझं! पण मला थांबवावंसं वाटेना.

"पोरास्नी किती वाजता सोडता?"

"साडेसहाला. कधीकधी उशीर होतो."

"कधीकधी म्हंजे? दिवाळीगत, का सोमवारगत?"

मी म्हणाले, सोमवारसारखा. खरं निघून गेलं तोंडातून.

"ह्याच्या आधी ह्या जागेवर कोण हुतं?"

"एक जण होता. गेला सोडून."

"का गेला?"

मला माहीत होतं. सांगितलं नाही. काकांनी मान हलवली, सांगितल्यासारखी.

"आनि तुमच्या वर कोण?"

"पूजा मॅडम. पुण्यात असतात."

"झ्याक! सासू पुण्यात, नांदायचं सांगलीत."

वीरधवल पहिल्यांदा हसला. मीही.

मग मी विचारलं — अपेक्षा किती?

काका गप्प. मीही गप्प. नियमच तो. चहावर साय धरली. खाली विश्रामबागच्या चौकात कुणीतरी हॉर्न धरून बसलं होतं, तोही थांबला. काका खाली बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. राग नाही, घाई नाही. एस.टी. येणार हे ठाऊक असलेला माणूस स्टँडवर बसतो तसे.

मी म्हणाले, "सात."

माझ्या तोंडून! मंजुरी नाही, विचारलेलं नाही.

"सात," काका म्हणाले. त्यांनी वीरधवलकडे पाहिलं, त्याने मान डोलावली. पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा निघाला. उठून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. "घ्या ताई. तोंड गोड करा. ठरलं."

मी खाल्ला. काकांनी गार झालेला चहा एका दमात संपवला, सायीसकट. मग अख्ख्या ऑफिसभर पेढे वाटत फिरले. टेस्टिंगवाल्यांनी दोन-दोन घेतले. कशाचे, कुणी विचारलं नाही.

शनिवार, ८ मार्च

ते जिंकले आणि मी हरले, असं मॅडमच्या नियमाने होतं. मग मला बरं का वाटलं?

सोमवार, १० मार्च

"सात? कुणी सांगितलं?"

"मी बोलले, मॅडम."

"लेखी दिलंस?"

"नाही."

"मग बोलली नाहीस. सहाचं लेटर काढ. फोन करून सांग त्यांना."

"त्यांनी पेढे वाटले."

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग — "तर?"

खरंच, तर काय? दिवसभर हेच डोक्यात.

आष्ट्यात आमच्या मागच्या आळीत एक घर आहे. लग्न ठरल्याचे पेढे खाऊन झाल्यावर त्यांनी शब्द फिरवला. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. अजून त्या घराचा पत्ता सांगताना लोक तेवढंच सांगतात.

आणि इथे? पोरं चार कंपन्यांचे होकार खिशात घालतात, पाचवीत जातात. कंपन्या रुजू व्हायच्या आदल्या दिवशी कळवतात — थांबा. कुणी कुणाला खोटं म्हणत नाही. एक्सेलमध्ये त्यासाठी साधा रकाना आहे, पिवळा. माणसं तीच. कडेगावची, आष्ट्याची, रहिमतपूरची. जिन्याच्या खाली शब्द असतो. जिना चढून वर आलं की फक्त ईमेल. कुठल्या पायरीवर जातो तो?

मंगळवार, ११ मार्च

फोन केला. वीरधवलला नाही, काकांना.

"काका, सहा आलंय."

तिकडे उसाचा ट्रॅक्टर चालला होता, गाणं मोठ्याने लावून. तो लांब जाईपर्यंत काका थांबले.

"पेढा खाल्लासा की तुमी."

"हो."

"मग ह्यो सहा कुनाचा? तुमचा का सासूचा?"

"सासूचा."

"मंग तिला सांगा, पावनं उठलं." आवाज चढला नाही. जेवण झालं म्हणावं तसं. "ताई, ह्यात तुमचं काय वाईट हुनार का?"

"नाही."

"हुनार. आवाजावरनं कळतंय. पर मी न्हाई मागं सरकनार. पोराचं बोलायला आलोय, तुमचं न्हाई."

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हेवा वाटला — वीरधवलचा.

बुधवार, १२ मार्च

मॅडमना मेल केला. उमेदवार सहाला तयार नाही. सात मी कबूल केलं होतं. कंपनीच्या खुर्चीत बसून केलं होतं. कंपनीने ते पाळावं.

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. पाठवलं.

उत्तर एका शब्दाचं. "नोटेड."

गुरुवार, १३ मार्च. होळी

आष्ट्याला आले. आई पुरणपोळ्या लाटत होती. सगळं सांगितलं. काकांच्या चहावर ती खूप हसली. मग लाटणं थांबवून म्हणाली, "आनि शिवांजली, तुझ्या येळला कोण बोललं हुतं गं?"

कुणी नाही. मला विचारलं होतं, अपेक्षा किती. मी म्हणाले होते, जे बसेल ते. तेव्हा ते उत्तर फार नम्र वाटलं होतं.

"कायम करनार हुते न्हवं तुला?"

"आता नाही करायचे."

आईने पोळी तव्यावर टाकली. "कर फोन सासूला, विचार."

"कसं विचारू?"

"व्हय. त्ये बी खरंच."

सोमवार, १७ मार्च

पुण्याने क्लायंटला आणखी दोन मुलं दाखवली. क्लायंटने दोघांना नको म्हटलं. तोच द्या, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीकडे.

दुपारी मेल आला. सात — मंजूर. खाली एक ओळ: यापुढे आकडा मी बोलेन.

काकांना कळवलं. "बरं," म्हणाले. एवढंच. ठरलेलं होतं ते झालं, त्यात नवल काय!

माझ्या कायम होण्याचं मॅडम काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. ऑफिस अर्धं रिकामं. एप्रिलच्या जागेसाठी एकाची मुलाखत घेतली, त्याचा एक कान गुलाबी. त्याने अपेक्षा सांगताना सरळ माझ्याकडे पाहिलं. पहिलाच. विचारलं, सराव केलात का? "आरशासमोर," म्हणाला.

सोमवार, २४ मार्च

वीरधवल रुजू झाला. ओळखपत्र, लॅपटॉप, सह्या. नवीन शर्टाच्या घड्या तशाच.

संकटकाळी कुणाला फोन करायचा, तिथे त्याने आईचं नाव घातलं. मी म्हणाले, दुसरं नाव काकांचं घाला की.

तो थांबला. "त्ये माजं काका न्हाईत, मॅडम."

"म्हणजे?"

"आमच्या गल्लीत ऱ्हात्यात. कुनाचंबी बोलत्यात. लगीन, बांधाचं भांडण, दवाखान्याचं बिल. कंपनीत पहिल्यांदाच आले. इस्त्रीला कापडं दोन दिवस आधी टाकली हुती."

"मग तुमचे सख्खे काका?"

"हायत की. पर सख्ख्याला न्यायचं न्हाई म्हनत्यात. सख्ख्याला लगीच पाझर फुटतो. समोरचं जरा गप बसलं की कबूल हुतो."

"आणि त्यांना यात काय मिळतं?"

त्याने फॉर्मकडे पाहिलं, उत्तर तिथे असल्यासारखं. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा.

"चा," म्हणाला. "ठरल्यावर."

मंगळवार, २५ मार्च

न बोलावता एक गोष्ट आठवत राहते. चहावर साय धरत होती तेव्हा काकांना तहान लागली होती. ओठ सुकले होते. कडेगावहून उन्हातून आले होते. तरी कपाकडे पाहिलं नाही त्यांनी. आपल्यासाठी कुणी इतका वेळ तहानलेलं बसलेलं पाहणं सोपं नसतं. वीरधवलने मान खाली घातली होती ती लाजेने, असं मी समजत होते.

गुरुवार, २७ मार्च

मॅडमचा फोन. उद्या सांगलीला येतायत. मला कायम करायचं ठरलंय. "क्लायंट खूश आहे. तर शिवांजली, तुझी अपेक्षा किती?"

मी गप्प. त्याही गप्प.

मग म्हणाले, "उद्या माझे काका बोलतील, मॅडम. चहा आधी मागवू नका."