ठाकुर्लीच्या प्लॉटवरचे माझे घर

१५ नोव्हेंबर १९९९
सासऱ्यांनी कलावतीला दिलेला ठाकुर्लीचा प्लॉट तिचा भाऊ चांगदेव बिल्डरच्या घशात घालायला निघाला आहे. बदल्यात डोंबिवलीत फ्लॅट म्हणे. सही तिचीच लागणार. ती नुसते "बघू" म्हणते. चांगदेव रूक्ष माणूस. शाळेत कविता ऑप्शनला टाकलेला.
संकल्प : सुनेच्या कॉम्प्युटरवर घर बांधायचा गेम आहे. त्यात प्लॉटवरचे घर बांधून रविवारी सर्वांना दाखवणार. उंच जोते, ओटा, तळघर. मला वाद घालावा लागणार नाही. घरच बोलेल.

१६ नोव्हेंबर, दुपार
भिंती झाल्या. छप्पर लाल. संध्याकाळी ओट्यावर कलावती शेंगा मोडत बसेल, मी सहावीच्या पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणेन. डोळे पाणावले. मग लक्षात आले, जोते राहिले. रतन (सून) म्हणाली, "अण्णा, पाया आधी घालतात." तिला टायपिंग येते म्हणून घर कळते असे नाही. सगळे पाडले. माझ्याच विचाराने.

१८ नोव्हेंबर
जोते घातले, छातीइतके. आता दार वर आणि ओटा खाली. गेम भिकार आहे. ओटा उचलला, पायऱ्या लावल्या. पायऱ्यांच्या तोंडाशी तुळस हवीच. गेमवाल्यांना तुळस माहीत नाही, अडाणी लेकाचे. फुलांची कुंडी ठेवली. कलावतीला गहिवरून येईल.
ती विचारत होती, "पायऱ्या फार आहेत का हो?" म्हटले, रविवारी कळेल. गुडघ्यांना तेल चोळत बसली. मी काही करायला घेतले की हिचे गुडघे दुखतात.

२० नोव्हेंबर, रात्र
तळघर खणले. जिना लावला तर तो वर थेट शेगडीत निघाला. दुसऱ्यांदा न्हाणीघरात. शेवटी जमला. घरात राहायला माणसे लागतात, त्यांना नावे दिली : मी, कलावती, चांगदेव. चांगदेवला तळघर बघायला पाठवले आणि जिना काढून टाकला. हात वर करून बोंबलायला लागला. उत्तम कविता ऐकल्यावर वाटते तसे समाधान वाटले. उद्या जिना परत लावायचा.

२१ नोव्हेंबर, रविवार
सगळे जमले. आधी एक कविता म्हटली, संपूर्ण. मग घर उघडले. जिना लावायचा राहिला होता.
चांगदेव वाकून बघू लागला. "दाजी, हा खाली बोंबलतोय त्याच्या डोक्यावर माझं नाव कसं?"
गेममधली चूक, म्हटले.
कलावतीने चष्मा लावला. "आणि मी का अशी बाहेर उभी?"
रतनला गप्प बसवेना. म्हणे, कुंडी पायऱ्यांच्या वाटेत आहे, आईंना आत जाताच येत नाहीये.
"मग घरात आहे तरी कोण?"
आरामखुर्चीत मी होतो. मजेत होतो.
"छान आहे हो तुमचं घर," एवढेच म्हणून ती चहा ठेवायला गेली.
एकंदरीत छाप पडली. घर आवडल्याचे तिने स्वतःच सांगितले.

२५ नोव्हेंबर
बिल्डरचे ऑफिस. कलावतीने सही केली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बिल्डरने विचारले, "काकू, काही खास मागणी?"
"लिफ्ट पाहिजे. आणि तळमजला नको. हे खणायला घेतील."
चांगदेव खोकल्याचे सोंग करून हसला. नीच.
साक्षीदार एक कमी पडत होता, म्हणून मीही सही केली. सगळ्यांत सुवाच्य माझीच आली.