तळ्यावरच्या काठ्या

प्रिय बाबा,

मी बरी आहे आणि वेळेवर जेवते, हे आधीच सांगते.

इथे स्कीची वाट गावकरीच राखतात. गोठलेल्या तळ्यावर ती बर्चच्या काठ्या रोवून आखलेली असते. सोमवारी ओढ्याच्या तोंडाशी भोक पाडून मी बर्फाची जाडी मोजली. जेमतेम नऊ सेंटिमीटर. रविवारी तिथूनच शाळेची मुलं जाणार, म्हणून मी काठ्या काठाकडे हलवल्या. मंगळवारी त्या जुन्या जागी. पुन्हा हलवल्या; बुधवारी पुन्हा तेच. कोणी चिडलेलंही दिसेना, उलट मला आग्रहाने वॉफल वाढत होते. मला काही कळेना.

आज सकाळी गावातल्या बोर्गहिल्द आजी मी हलवलेल्या काठ्या उपटताना दिसल्या.

“यंदा वारा फारच छळतोय,” त्या म्हणाल्या.

“वारा नाही, मी हलवल्या. इथे बर्फ पातळ आहे.”

“मग तोंडाला कुलूप का, इंजिनियरबाई? जागा सोडलेली काठी दिसली की आम्ही लावून टाकतो. विचारत बसत नाही.”

मग दोघींनी मिळून वाट काठाने वळवली.

चूक नक्की कोणाची, मला अजून ठरवता येत नाही.

गुडघा बरा आहे, असं तुम्ही दर पत्रात लिहिता. डॉक्टर काय म्हणाले, ते लिहाल का?

तुमची,
गुन्वोर